मंगळवार दुपारचं काय?

ताई, मी वारज्याला राहते, वय २६. डी.एड. झाल्यावर तीन वर्षं एका खासगी शाळेत तिसरी-चौथीला शिकवलं. आता शिक्षक भरतीची वाट बघतेय. जानेवारी ते जून असे सहा महिने केनियात, किसुमूजवळच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलंय. तिकीट माझ्या पैशांनी, राहायचं तिथल्याच एका शिक्षिकेच्या घरी. लोक एकतर कौतुक करतात, नाहीतर घाबरवतात. सोसायटीत तर सत्कार करायचं चाललंय. मला मात्र भीती वाटते ती साध्या मंगळवार दुपारची. जेवायला काय असेल, कपडे कुठे धुवायचे, संध्याकाळी कोणाशी बोलायचं, आणि त्या वर्गाला माझी खरंच गरज असेल का? मी शाकाहारी आहे. आई विचारते, इथे काय शाळा कमी आहेत? मला उत्तर देता येत नाही. हे असलं विचारायचीही लाज वाटते.
– एक वाचक, वारजे

प्रिय मुली,

लाज कसली त्यात? सगळ्या पत्रात मला पटलं ते तुझं मंगळवारचंच वाक्य. मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सात महिने किसुमूच्याच भागातल्या एका शाळेत काढून आले. निघताना मला सगळ्यांनी सिंह आणि मलेरिया याबद्दल विचारलं. सिंह काही दिसला नाही. मंगळवार मात्र तीसच्या आसपास आले, आणि त्यांच्याबद्दल मला कोणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. ते आता तुला सांगते.

आधी आईचा प्रश्न. त्यांचं बरोबरच आहे, शाळा इथेही कमी नाहीत. तू त्यांना समाजकार्य वगैरे सांगू नकोस. खरं ते सांग, की मला दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या भाषेतल्या मुलांना शिकवून बघायचंय. एवढं कारण पुरेसं आहे, आणि ते तुझ्या पत्रातून मला दिसतंच आहे. सत्काराला मात्र हात जोडून नाही म्हण. शाल-श्रीफळ घेऊन निघालं की ‘मी काय करू?’ असं तिथल्या मुख्याध्यापकांना विचारायला जीभ वळत नाही. आणि पहिले पंधरा दिवस तुला तेच विचारायचं आहे.

त्या वर्गाला तुझी गरज आहे का, हा प्रश्न तू स्वतःला विचारलास याचं मला फार बरं वाटलं. केनियात सरकारी नेमणुकीचे शिक्षक शिक्षक सेवा आयोगाकडून येतात. ते कमी पडले की शाळेचं व्यवस्थापन मंडळ स्थानिक तरुणांना आपल्या खर्चाने, थोड्या पगारावर घेतं. म्हणजे आपल्याकडचं तासिका तत्त्व. शिक्षक-प्रशिक्षण घेऊन सरकारी नेमणुकीची वाट बघणारी मुलं-मुली तिथेही भरपूर आहेत. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर दिवसातून चार वेळा डोकावणाऱ्या मुलीला मी यापेक्षा जास्त काय सांगू? तू एक पैसा न घेता चौथीचा अख्खा वर्ग घेतलास, तर मंडळाला वाटेल, यंदा कोणाला घ्यायला नको. आणि जूनमध्ये तू निघालीस की वर्ग मोकळा. म्हणून आत्ताच, निघण्याआधी, ज्या संस्थेमार्फत जाते आहेस तिला लेखी विचार: माझ्यामुळे कोणा स्थानिक शिक्षकाची जागा जाते आहे का? मला स्वतंत्र वर्ग नको, कोणा शिक्षिकेच्या हाताखाली काम द्या, असंही लिही. याच पत्रात परवान्याचंही विचारून घे. पर्यटक म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या प्रवेश परवानगीवर शाळेत काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरीही नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो काढून देणं संस्थेचं काम आहे. ‘सगळे असेच येतात’ असं उत्तर आलं तर जाऊ नकोस.

आणखी एक तारखांचं. तिथलं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं, तेव्हा तू बरोबर वेळेला पोचते आहेस. पहिलं सत्र एप्रिलमध्ये संपतं आणि दुसरं साधारण ऑगस्टपर्यंत चालतं. म्हणजे तुझा जून भर सत्रात पडतो. जमलं तर तिकीट ऑगस्टचं कर. नाहीच जमलं, तर सरळ एप्रिलमध्ये सत्र संपवून परत ये. चालू सत्रात बाई निघून गेल्या की मुलांचं काय होतं, ते वारज्याच्या शाळेत तू बघितलं असशील.

आता दिवस. किसुमू विषुववृत्ताला अगदी लागून आहे. वर्षभर सूर्य सकाळी साडेसहाच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला मावळतो. आपल्या मे महिन्यासारखा लांब उजेड तिथे कधीच मिळत नाही. सगळी कामं त्या बारा तासांत बसवायची. तिथल्या स्वाहिली भाषेत घड्याळही याच हिशेबाने सांगतात. ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजला, पण म्हणायचं असतं सकाळचे सात, कारण मोजणी उजाडल्यापासून सुरू होते. इंग्रजीत बोलताना तीच माणसं आपल्यासारखीच वेळ सांगतात. एका पालकांना भेटायला मी यामुळे सहा तास उशिरा पोचले होते. कोणी स्वाहिलीत वेळ दिली की ‘सकाळ की दुपार’ एवढं विचारून घे.

पाणी पहाटेच भरायचं. मी राहत होते त्या घराच्या पत्र्याला पन्हळ लावून पावसाचं पाणी काळ्या टाकीत घेतलं होतं. टाकी आटली की विहिरीवरून पिवळे कॅन भरून आणायचे. वीस लिटरच्या एका कॅनमध्ये माझी अंघोळ, तोंड धुणं आणि एक जोडी कपडे बसवायला मला महिना लागला. तू आत्तापासून दर रविवारी घरी सराव कर. एक बादली घे आणि तेवढ्यातच सगळं भागव. यात गरिबीचं नाटक करायचं नाहीये. तिथे तू जास्त पाणी वापरलंस, तर दुसरा कॅन त्या घरातलं कोणीतरी डोक्यावरून आणणार आहे, म्हणून सांगते.

कपड्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे बाहेरून येणारे हमखास चुकतात. स्वयंसेवक म्हणजे ढगळ टी-शर्ट आणि चपला, असं त्यांच्या डोक्यात असतं. आणि तिथल्या शिक्षिका लाल चिखल तुडवत तीन किलोमीटर चालत येतात, शाळेच्या दारात बुटांचा चिखल काडीने काढतात, फडक्याने बूट पुसतात आणि मगच आत येतात. कपडे कडक इस्त्रीचे. वीज नसली तर निखाऱ्यांच्या इस्त्रीचे. तुझे चार सुती सलवार-कमीज आणि एक चांगली साडी घेऊन जा, आणि रोज नीट होऊन शाळेत जा. शिक्षक खोलीत शिरल्यावर तिथे असलेल्या एकेकाशी हात मिळवायचा. दहा माणसं असली तर दहाही जणांशी. घाईत ‘गुड मॉर्निंग’ म्हणून कोपऱ्यात जाऊन बसू नकोस.

भाषा फार भराभर जवळ येईल. स्वाहिलीत गणिताला म्हणतात ‘हेसाबू’, पुस्तकाला ‘किताबू’, पेनाला ‘कलामू’, साबणाला ‘साबुनी’, दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’. तयार झालं की ‘तयारी’. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला ‘काचुंबारी’ म्हणतात हे कळलं, तेव्हा मला डोळ्यांत पाणी येईपर्यंत आनंद झाला होता. घरी मुलं बोलतात ती मात्र लुओ भाषा. तिचा स्वाहिलीशी काही संबंध नाही. ‘एरोकामानो’ म्हणजे धन्यवाद, एवढं तरी विमानात पाठ कर. तिसरीपर्यंत मातृभाषेत किंवा परिसराच्या भाषेत शिकवायचं आणि चौथीपासून इंग्रजी माध्यम, असं तिथलं धोरण आहे. म्हणजे तुझ्या ओळखीचीच जागा. आपल्याकडे सेमी-इंग्रजीला जाताना मुलं जिथे अडखळतात, तिथेच तीही अडखळतात.

माझा मंगळवार दुपारचा तास हाच होता. चौथीच्या वर्गात बासष्ट मुलं. त्यातल्या चौदा जणांना इंग्रजी वाक्य वाचता येत नव्हतं. वर्गशिक्षिकेने ती चौदा मला दिली. जेवणाच्या सुटीनंतर रोज अर्धा तास, आंब्याखाली. मोफत गोष्टींची पुस्तकं मी छापूनच नेली होती. पुण्याला परिचित असलेल्या प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ आहे, आणि ‘आफ्रिकन स्टोरीबुक’वर तर लुओ भाषेतल्याही गोष्टी मिळतात. आधी लुओत वाचायचं, मग तीच गोष्ट इंग्रजीत. एक मुलगा तीन आठवडे नुसता पुस्तकाच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावत बसायचा. चौथ्या आठवड्यात त्याने बोट ठेवून ‘हेन’ हा शब्द वाचला, माझ्याकडे न बघता शेजारणीला कोंबडी दाखवली आणि पुन्हा चिकटपट्टी लावायला लागला. असं रोज काही घडत नाही. पुष्कळ दुपारी मी झाडाखाली पोचायचे आणि मुलं शेंगा निवडायला नाहीतर पाणी आणायला गेलेली असायची. तरी मी तिथे जाऊन बसायचे. बाई रोज येतात एवढं पक्कं झालं, तशी मुलंही यायला लागली.

पाऊस आला की तेही बंद. मार्च ते मे मोठा पाऊस, दुपारनंतर कोसळणारा. पत्र्यावर असा बडवतो की शेजारच्या बाकावरचंही ऐकू येत नाही. शिक्षिका खडू खाली ठेवतात. मुलं बाकावर डोकं टेकतात आणि वर्गभर अंधारात ओल्या गणवेशांचा वास. पहिल्यांदा मी ओरडून शिकवायचा प्रयत्न केला. मग वर्गशिक्षिकेचं बघून मीही खाली बसले. मुळशीत किंवा वेल्ह्यात शिकवलेल्या कोणालाही विचार, हे त्यांना माहीत असतं.

जेवणाची काळजी करू नकोस. मुख्य अन्न ‘उगाली’. उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ घालून लाकडी उलथन्याने घोटायचं, कडा सुटेपर्यंत. भाकरीची उकड काढतेस ना, तोच हात, फक्त जोर दुप्पट. गोळा हातात घेऊन अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. भाजी बहुतेक वेळा ‘सुकुमा विकी’ची. ही हिरवी पानं वर्षभर मिळतात, आणि नावाचा अर्थ आहे ‘आठवडा ढकला’. शिवाय मक्याचे दाणे आणि घेवडा एकत्र शिजवलेलं ‘गिथेरी’, अख्ख्या मुगाची ‘न्देंगू’, चपाती, केळी, अवाकाडो आणि विरजलेलं दूध. दहाच्या सुटीत दुधाचा चहा आणि ‘मांदाझी’ म्हणजे गोडसर तळलेले वडे. सोबत गोडा मसाला आणि हिंग ने, बाकी काही लागणार नाही. सांभाळायचं एकच. पाहुण्यासाठी कोंबडी कापणं हा तिथे मोठा मान असतो. तू मांस-मासे खात नाहीस हे पहिल्या दिवशीच, तुझ्या घरमालकिणीकडून सगळ्यांना कळव. कोंबडी शिजून पुढे आल्यावर नाही म्हणणं फार वाईट.

तुझी संध्याकाळची भीती मात्र खरी आहे. सात ते नऊ. अंधार पडलेला असतो, वीज गेलेली असते, घरातली माणसं आपसांत लुओत बोलत असतात आणि आपण कोणाचेच नाही असं वाटायला लागतं. पहिले तीन आठवडे मी त्या वेळात खोलीचं दार लावून फोनवर पुण्याशी बोलायचे. त्याने अजून वाईट वाटायचं. मग एका संध्याकाळी मी जाऊन स्वयंपाकघरात बसले. घरच्या बाई सुकुमाची पानं एकावर एक ठेवून गुंडाळत, जुडी मुठीत धरून हातातच सुरीने चिरत होत्या. विळी नाही, पाट नाही. दोऱ्यासारखी बारीक भाजी परातीत पडत होती. मला त्यांनी एक सुरी दिली. माझी भाजी जाड यायची आणि घरातली मुलं माझा वाटा ओळखून बाजूला काढायची. महिन्याभराने ओळखेनाशी झाली. तोपर्यंत मला लुओत शंभरेक शब्द यायला लागले होते. तुलाही मी हेच सांगेन. संध्याकाळी खोलीत बसू नकोस, हाताला काम मागून घे. आईला फोन रोज नको, बुधवारी आणि रविवारी कर. तिथले सात म्हणजे पुण्यात साडेनऊ. त्यांचं जेवण-भांडी आटोपलेली असतील.

रस्त्यात मुलं तुला ‘मुहिंदी’ म्हणून हाक मारतील. म्हणजे हिंदुस्थानी. शिवी नाही ती. पण त्यामागे इतिहास आहे. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ साली किसुमूला पोचली. ती बांधायला इंग्रजांनी हजारो मजूर हिंदुस्थानातून नेले होते. पुढे गावोगावी दुकानं निघाली, त्यातली कित्येक गुजराती-पंजाबी मालकांची. त्यामुळे मुहिंदी म्हणजे पैसेवाला मालक, ही समजूत तुझ्याआधीच तिथे पोचलेली आहे. मुलांचे आजी-आजोबा फीसाठी पैसे मागायला येतील. त्यांना उडवून लावू नकोस आणि कबूलही करू नकोस. ‘शाळेशी बोलून सांगते’ म्हण, आणि खरंच मुख्याध्यापकांशी बोल. द्यायचं ते शाळेच्या हाती, पावती घेऊन.

याच बाबतीत माझ्या हातून चूक झाली. अप्पा बळवंत चौकातून शंभर पेनं घेऊन गेले होते आणि पहिल्याच दिवशी मैदानात वाटली. शाळेत मुलं चारशेच्या वर. ज्यांना मिळाली नाहीत त्यांतली दोन रडली, आणि पेनावरून एका मुलाचं नाक फुटलं. त्या वर्गाच्या शिक्षिका मला काही बोलल्या नाहीत. नुसतं त्याचं नाक धुतलं. पुढचा आठवडाभर मुलं माझे हात धरून खिसे चाचपायची. तू बॅगेत काही भरू नकोस. तिथे गेल्यावर काय कमी आहे ते विचार आणि किसुमूच्या बाजारातून घे, म्हणजे पैसेही तिथेच राहतील.

छडीबद्दल तू विचारलं नाहीस, पण तो दिवस येईल. केनियात २००१ पासून शाळेत मारायला बंदी आहे आणि २०१३ च्या शिक्षण कायद्यानेही ती पक्की केली आहे. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तीच बंदी आहे. आणि दोन्हीकडे काय चालतं ते आपण जाणतोच. मी बघितलं तेव्हा मुलांसमोर बोलले नाही. शाळा सुटल्यावर त्या शिक्षकांबरोबर फाट्यापर्यंत चालत गेले आणि सांगितलं, की मीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत मारलं आहे, त्याचा मला पश्चात्ताप होतो, आणि मग मी काय करायला लागले ते असं असं. ते ऐकून घेत होते. त्यांचं मारणं थांबलं असं मी म्हणणार नाही, कमी झालं. मुलाला इजा होण्याइतकं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि संस्था, दोघांना लेखी कळव. तिथे भिडस्तपणा नको.

मुलांचे फोटो काढून सोशल मीडियावर टाकू नकोस. वारज्याच्या शाळेत कोणी परकी बाई येऊन पोरांना मांडीवर घेऊन फोटो टाकायला लागली, तर पालक गेटवर जमतील. केनियातही २०१९ पासून यासाठी कायदा आहे, मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. सोसायटीच्या ग्रुपला आंब्याच्या झाडाचा फोटो पाठव.

तब्येतीचं थोडक्यात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घे. प्रमाणपत्र नसेल तर परत येताना भारतातच अडकशील. मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात महापालिकेचं केंद्र आहे, आधी चौकशी करून जा. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे, आणि तिथे मलेरिया भरपूर आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कर, मच्छरदाणी रोज, आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपास. पुण्यात परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तरी डॉक्टरांना केनियाचं आधी सांग. सरोवर सुंदर आहे, पण त्यात पाय बुडवू नकोस. गोगलगायींमधून पसरणारा एक परजीवी त्वचेतून आत शिरतो.

निघण्याच्या महिनाभर आधी मुलांना तारीख सांग आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव. ‘मी परत येईन’ म्हणू नकोस, तिकीट हातात असल्याशिवाय तर नाहीच. तुझ्याकडे दिलेल्या मुलांची एक वही ठेव. कोण कुठल्या पुस्तकापर्यंत आलं, कशावर अडतं. शेवटच्या दोन आठवड्यांत आंब्याखाली वर्गशिक्षिकेला बरोबर घेऊन बस, आणि शेवटच्या दिवशी ती वही त्यांच्या हातात दे. माझी वही अजून चालू आहे. मधूनमधून पानांचे फोटो येतात, आता अक्षर त्यांचं आहे.

पोचलीस की पत्र पाठव. पहिल्या आठवड्यात नको, पाच-सहा मंगळवार होऊन जाऊ देत.

तुझी,
ताई